काढणी, मशागत, लावणी: डॅशबोर्डच्या चिकट ट्रिमचं काम घरच्या घरी

माझी गाडी सेकंडहँड. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून घेतली तेव्हा सीटखालून मूठभर बेदाणे निघाले, आणि डॅशबोर्डवर लाकडी रंगाचे शोभेचे अकरा तुकडे, म्हणजे ट्रिम, चिकटवलेले होते. बेदाणे झटकले. लाकूड मात्र दोन उन्हाळे तसंच राहिलं. कडा उचललेल्या, खाली काळी धूळ, एसीच्या जाळीशेजारचा तुकडा तर पंखा तीनवर टाकला की फडफडायचा. शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी इंदिरानगरच्या आमच्या पार्किंगमध्ये स्क्रूड्रायव्हर आणि थिनरची बाटली घेऊन बसलो. ट्रिम निघाली. सोबत मधल्या पॅनलची चमक गेली, एक लांब ओरखडा पडला आणि थिनरने मऊ झालेल्या प्लास्टिकवर माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. आधार केंद्रात माझा अंगठा इतका स्पष्ट कधी उठला नव्हता.

त्यानंतर मेव्हण्याची आणि सोसायटीतल्या दोघांची गाडी केली, माझीही पुन्हा केली. आता हात बसलाय. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी जे कळलं ते लिहितोय.

ट्रिम लावणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. दिवस जातो तो काढण्यात आणि पुसण्यात. नवी ट्रिम महिन्याभरात सुटली की आपण टेपला शिव्या देतो, पण बहुतेक वेळा खाली तेलकटपणा उरलेला असतो. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. काढणी झाली की लगेच लावणी होत नाही, मध्ये मशागत असते.

आधी ओळख पटवा

चिकटवलेली ट्रिम साधारण तीन प्रकारची असते. पहिली पातळ व्हिनाइलची: नख घातलं की कागदासारखी वळते. दुसरी फुगीर: खाली छापील थर, वर पारदर्शक रेझीन ओतलेलं, बोटाला काचेसारखी लागते पण वाकवली तर थोडी वाकते. जुन्या लाकडी फिनिशच्या किटांमध्ये हीच जास्त दिसते. तिसरी कडक प्लास्टिकची, मागे फोमची डबल टेप लावलेली.

आणि एक चौथी, जी ट्रिम नाहीच. गाडीसोबत कंपनीतूनच आलेलं लाकडी किंवा चंदेरी पॅनल रंगवलेलं असतं आणि मागच्या क्लिपांवर बसलेलं असतं. नखाला कड कुठेच सापडत नसेल तर थांबा. त्याच मॉडेलची दुसरी गाडी बघा, ओळखीत कोणाकडे तरी असतेच. मेव्हण्याच्या गाडीत गिअरभोवतीची चौकट मी दहा मिनिटं ड्रायरने शेकत बसलो होतो. ती खालून चार क्लिपांवर होती.

सुरू करण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे नंतर आठवत नाही.

एअरबॅगचं झाकण सोडून द्या

ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांतही ती असते. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर एसआरएस किंवा एअरबॅग अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील, तर त्या झाकणावर आणि त्याच्या फटीवर काहीही चिकटवायचं नाही. अपघातात ते झाकण पापणी लवायच्या आत फाटून उघडतं. त्यावरचा कडक तुकडा मग थेट समोरच्याच्या तोंडावर येतो. स्टिअरिंगच्या मधल्या भागाला आणि काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांनाही हाच नियम, कारण काही गाड्यांत खिडक्यांवर पडद्यासारखी पसरणारी एअरबॅग तिथूनच उघडते.

किटमध्ये त्या जागेचा तुकडा दिलेला असला तरी तो बाजूला ठेवा. जुना तुकडा तिथे असेल तर तो काढा जरूर, पण हाताने, जेमतेम कोमट करून. झाकणावर ड्रायर रोखून धरू नका.

आमच्या घरी इथे पेच पडला. वणीच्या देवीचा फोटो नेमका त्याच झाकणावर डबल टेपने लावलेला. आई म्हणाली, "देवीला हात लावू नकोस." मी म्हटलं, "अगं, देवीला मधे आणतो, सगळ्यांना दिसेल." हे पटलं.

दिवस निवडा

माझी पहिली चूक डिसेंबरातली सकाळ होती. निफाडकडून गार वारा सुटला की नाशिकची सकाळ अंगावर येते आणि गाडीतलं प्लास्टिक कडक होतं. थंडीत गम ठिसूळ होतो, व्हिनाइल वाळलेल्या पानासारखं तुकड्या-तुकड्यांनी तुटतं, डॅशबोर्डच्या क्लिपाही मोडायला बसलेल्या असतात. एप्रिल-मेच्या दुपारीही हे काम नको. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर सहज जातो, गम पातळ होतो, वरची फिल्म निघून येते आणि चिकटा सगळा खालीच राहतो.

सावलीत, हवा २५ ते ३५ अंशांच्या आसपास असताना काम करा. फेब्रुवारीचा शेवट किंवा दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पावसाळ्यात काढायला हरकत नाही, लावताना मात्र दमट हवेत पृष्ठभाग पूर्ण वाळायला वेळ लागतो.

सामान

हेअर ड्रायर, एक-दोन जुनी एटीएम कार्डं, मऊ दातांचा जुना टूथब्रश, चार-पाच मायक्रोफायबर फडकी, कागदी मास्किंग टेप, नीलगिरीचं तेल (मेडिकलमध्ये छोटी बाटली मिळते), भांडी घासायचं लिक्विड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. फोमची टेप कापायला तंगूस (मासे पकडायच्या गळाची नायलॉनची दोरी) किंवा दात साफ करायचा धागा. नायलॉनचा मांजा कोणी देऊ केला तर नको म्हणा. त्यावर बंदी आहे आणि बोटंही कापतात.

हीट गन विकत घेऊ नका, घरात असली तरी वापरू नका. तिची हवा ५०० अंशांपर्यंत जाते आणि डॅशबोर्डच्या मधल्या पॅनलचं एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. सरावलेला माणूस ती सांभाळतो. आपण नवखे.

ड्रायरसाठी पार्किंगपर्यंत वायर पोहोचत नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या, तीच, पाठ शेकायची. सपाट तुकड्यावर तीन-चार मिनिटं ठेवली की गम हवा तेवढा सैल होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची सगळी गाडी आम्ही अशीच केली.

काढणी

चावी काढून घ्या. सीटवर जुनी चादर टाका. हात लावण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढा, माझा तो लांब ओरखडा निम्मा स्क्रूड्रायव्हरचा आणि निम्मा अंगठीचा आहे. ट्रिमच्या शेजारचा भाग, विशेषतः मीटरची पारदर्शक काच आणि टचस्क्रीन, मास्किंग टेप आणि कापडाने झाका. त्या दोन्हींवर गरम हवा जाऊ द्यायची नाही.

ड्रायर १०-१५ सेंटीमीटरवर धरून हलवत राहा. एका जागी थांबवायचा नाही. अर्ध्या मिनिटाने हाताच्या पाठीने बघा: गरम लागलं पाहिजे पण हात ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर जास्त झालं, थोडं थांबा. एका वेळी वीतभर भागच तापवा. सगळा तुकडा शेकायला घेतला तर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं गार झालेलं असतं.

मग कोपऱ्याखाली एटीएम कार्ड सरकवा. स्क्रूड्रायव्हर नाही, सुरी नाही, कटर तर नाहीच. कोपरा उचलला की पुढची रीत प्रकारानुसार बदलते.

पातळ व्हिनाइल मागे दुमडून, डॅशबोर्डला जवळपास समांतर, हळू ओढा. वर सरळ उपटलं तर तुटतं किंवा गम मागे राहतो. हळू म्हणजे खरंच हळू: मिनिटाला हातभर सुद्धा नाही. ओढताना पुढचा भाग तापवत राहा. यासाठी दोन माणसं असली तर बरं, एक ड्रायर धरायला.

फुगीर ट्रिम जुनी असेल तर वरचं रेझीन पिवळं पडून तडकलेलं असतं आणि पापुद्रे निघतात. चिडू नका, गरम करून कार्ड आडवं सरकवत राहा. त्याच्या कडा धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घाला, नसतील तर निदान बोटांना टेप गुंडाळा.

कडक तुकड्यांना मात्र उचकटायचंच नाही. ते वाकत नाहीत, त्यामुळे जोर लावला की एकतर ते मोडतात किंवा खालचं पॅनल क्लिपेतून सुटतं. गरम करा, एका कडेने तंगूस आत घाला आणि दोन्ही हातांनी करवतीसारखी पुढे-मागे ओढत न्या. फोम मधोमध कापला जातो आणि तुकडा आपसूक हातात येतो. हे इतकं समाधानाचं काम आहे की शेवटचा तुकडा मुलीने माझ्याकडून हिसकावून घेतला.

मशागत

आता खरा दिवस सुरू होतो.

फोमचा जाड थर राहिला असेल तर आधी अंगठ्याने चोळून गोळ्या करा. निम्मं तसंच निघतं. मग ताज्या चिकट टेपचा तुकडा उलटा बोटाला गुंडाळून टिपत जा. गमला गम धरतो, जुना चिकटा नव्या टेपवर येतो. रसायनाचा थेंबही न वापरता इथपर्यंत पोहोचता येतं आणि बरेच जण ही पायरी उगाच गाळतात.

उरलेल्यासाठी नीलगिरीचं तेल. आधी ग्लोव्हबॉक्सच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दहा मिनिटं बघा. रंग उतरला किंवा प्लास्टिक बुळबुळीत झालं तर नाद सोडा. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर हाताला मखमली लागणारा थर असतो, तो अशा तेलांनी चिकट होतो. तिथे साबणाचं कोमट पाणी आणि अंगठा, एवढंच. बाकी ठिकाणी तेल फडक्यावर घ्या, पाच मिनिटं ठेवा, पुसा. दाणेदार प्लास्टिकच्या खाचांत टूथब्रश फिरवा. दारं उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, तिन्ही नकोत. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन एबीएसला विरघळवतं, थिनरमध्येही बरेचदा तशीच द्रव्यं असतात. माझ्या अंगठ्याची कथा वर आलीच आहे. पेट्रोल घेऊन बंद गाडीत बसणं हा तर वेगळाच शहाणपणा. खोबरेल तेलाने चिकटा निघतो हे खरं, पण ते खाचांत असं मुरतं की नंतर काढताना नाकी नऊ येतात.

चिकटा गेला म्हणजे झालं असं वाटतं. नाही झालं. आता ज्याने काढलं ते तेल काढायचंय. लिक्विडचे चार थेंब घातलेल्या कोमट पाण्यात फडकं पिळून दोनदा पुसा, मग साध्या पाण्याने एकदा. फडकं पिळूनच घ्या, बटणांच्या फटीत पाणी जाता कामा नये. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू. सॅनिटायझर चालणार नाही. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं.

सगळ्यात मोठा शत्रू डॅशबोर्ड पॉलिश. सर्व्हिसिंगहून गाडी आली की डॅशबोर्ड चकाकत असतो ना, ते बरेचदा सिलिकॉन. सिलिकॉनवर कुठलीच टेप नीट धरत नाही. वर्षानुवर्षं पॉलिश खाल्लेला डॅशबोर्ड तीन-तीन वेळा पुसावा लागतो. पुरेसं पुसलं का हे बघायची सोपी रीत: मास्किंग टेपचा बोटभर तुकडा दाबून चिकटवा आणि उपटा. सहज सुटून आला तर परत पुसा. थोडा हट्ट करत निघाला तर जमीन तयार.

याच वेळी जुन्या ट्रिमच्या जागी गडद चौकोन दिसतील. आजूबाजूचं प्लास्टिक उन्हाने फिकं पडलंय, झाकलेलं नाही. हा डाग नाही, घासून जाणार नाही. नवी ट्रिम त्याच मापाची किंवा थोडी मोठी घ्यायची, हाच उपाय. आगीने प्लास्टिक काळं करण्याचे व्हिडिओ बघून मोह होईल. टाळा.

काय घ्यावं

ऑनलाइन मागवताना आपल्याकडच्या, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीचं किट आहे ना हे दोनदा तपासा. फोटोत स्टिअरिंग डावीकडे दिसलं तर पुढे चला, निम्मे तुकडे आरशातल्यासारखे उलटे येतील.

चकचकीत काळी ट्रिम दुकानात फार देखणी दिसते. पण तिच्यावर बोटांचे ठसे आणि धूळ सारखी दिसते, आणि डॅशबोर्डच्या वरच्या अंगाला ती असली तर काचेत तिचं प्रतिबिंब पडतं. दुपारनंतर मुंबईकडे निघून कसारा घाट उतरताना सूर्य समोर असतो, तेव्हा ते प्रतिबिंब नको वाटतं. वर मॅट, खाली गिअरपाशी हवी तर चमक, असं माझं मत. लाकडी फिनिशबद्दल मी बोलत नाही, मी पूर्वग्रहदूषित आहे.

दुकानदार "साहेब, फुकट लावून देतो" म्हणाला तर लावून घ्यायला हरकत नाही, पण आदल्या दिवशी मशागत घरी करून जा. गर्दीच्या दिवशी त्याला तीनदा पुसायला वेळ कुठून असणार?

लावणी

कागद न काढता सगळे तुकडे जागेवर ठेवून बघा, मास्किंग टेपने टेकवा. ग्लोव्हबॉक्स उघडतो का, एसीच्या जाळ्या फिरतात का, लाल त्रिकोणाचं बटण पूर्ण दाबलं जातं का, हे आत्ता बघायचं. सोसायटीतल्या एका गाडीत सगळं लावून झालं आणि कपहोल्डर बाहेरच येईना.

तुकडा नेमका बसला की त्याच्या एका बाजूला मास्किंग टेपची बिजागरी करा. दाराच्या बिजागरीसारखा तुकडा उघडा, मागचा कागद थोडाच सोलून दुमडा, परत मिटा आणि बिजागरीकडून पुढे दाबत जा. कागद पुढे-पुढे ओढून काढा. सगळा कागद एकदम काढला की तुकडा हवेत असतानाच कुठेतरी चिकटतो, आणि फोमच्या टेपला दुसरी संधी नसते. सर्वात सोपा, सपाट तुकडा पहिला घ्या आणि मीटरभोवतीची चौकट शेवटी.

व्हिनाइल असेल तर मधून कडेला, मऊ कापड गुंडाळलेल्या कार्डाने. वळणावर ते ताणायचं नाही. ताणलेली फिल्म उन्हात मूळ मापाला परत जाते आणि कड उघडी पडते. किंचित कोमट करून वळणावर बसवा. जादा भाग कापायचा असेल तर उचलून बाहेर कापा, डॅशबोर्डवर कटर चालवला तर रेघ खाली उमटणारच.

डॅशबोर्डचा बराचसा भाग पॉलिप्रॉपिलीनचा असतो, सुट्या पॅनलच्या मागे 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडतात. या प्लास्टिकला टेप मुळातच कमी धरते. तिथे टेपसाठीच्या प्रायमरचा, म्हणजे टेप धरावी म्हणून आधी लावायच्या द्रवाचा, अगदी पातळ हात, फक्त ट्रिमखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर. बाहेर आला तर डाग दिसतो.

मग दाबा. प्रत्येक तुकडा अंगठ्याने, कडेकडेने, दहा-पंधरा सेकंद, जोर लावून. ही टेप दाबानेच धरते. थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबी नावाच्या मजबूत डबल टेपची पकड खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. लावताना हवा २१ ते ३८ अंशांत असावी. किटच्या मागे लाल कागद दिसला म्हणजे तीच टेप आहे असं मात्र समजू नका, पण तीन दिवसांचा हिशोब कुठल्याही टेपला चालतो. तेवढे दिवस गाडी उन्हात नको, धुणं नको, पॉलिश तर नकोच. त्यानंतरही पॉलिश करायचंच असेल तर फडक्यावर घेऊन ट्रिमपासून लांब.

आठवड्याभरात एखादा कोपरा उचलला तर बोटाने दाबत बसू नका. खाली धूळ गेली की तो परत धरत नाही. गरम करा, तेवढाच कोपरा उचला, जुनी टेप काढा, अल्कोहोलने पुसा, नवी टेप लावा. उरलेले तुकडे ग्लोव्हबॉक्समध्ये नाही, घरात कपाटात सपाट ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात त्यांचाच पापड होतो.

चौथ्या दिवशी देवीचा फोटो मधोमध लावला. दसऱ्याला आईने पूजा केली आणि हळदीचं बोट नेमकं नव्या ट्रिमवर टेकवलं. असं झालं तर ओल्या फडक्याने हलकं टिपून सोडून द्या, घासू नका. हळदीचा पिवळेपणा उन्हात आपोआप फिका पडतो.